जुना चेक आणि पंधरा दिवस

गेल्या पावसाळ्यात दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्षबागायतदार माझ्या टेबलासमोर येऊन बसला. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सातबारा, आधार कार्ड आणि उघडून-मिटून मऊ पडलेली एक वकिलाची नोटीस. दोन लाख चाळीस हजारांचा चेक वटला नाही, पंधरा दिवसांत पैसे भरा, नाहीतर कलम १३८ खाली फिर्याद दाखल करू, असा मजकूर होता. तो माणूस एवढंच म्हणाला, "मॅडम, हा हिशोब मार्चमध्येच मिटलाय."

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मी सव्वीस वर्षं वकिली करते आहे आणि माझी निम्म्याहून जास्त प्रकरणं चेकची असतात. त्यामुळे पुढची गोष्ट मला त्याने सांगायच्या आधीच कळली होती. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत खतं, औषधं, पावडरी सगळं कृषी सेवा केंद्रातून उधारीवर येतं. दुकानदार तारण म्हणून सही केलेला कोरा चेक ठेवून घेतो. माल विकला की उधारी फिटते, पण चेक परत मागायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. तो दुकानाच्या खणात पडून राहतो. या प्रकरणात दुकानदाराला अर्धांगवायूचा झटका आला, गल्ल्यावर मुलगा बसला, त्याला खणात सही केलेला चेक सापडला आणि एका वहीत न मिटलेली उधारी दिसली. त्याने रक्कम लिहिली, तारीख टाकली आणि चेक बँकेत भरला.

आम्ही नोटिशीला उत्तर दिलं. दहाव्या दिवशी म्हातारे दुकानदार स्वतः माझ्या ऑफिसात आले. मुलाचा हात धरून जिना चढले. सोबत लाल कापडी बांधणीची खतावणी आणली होती. उजव्या हाताला बळ नव्हतं, म्हणून डाव्या हाताने पानं उलटत त्यांनी ते पान काढलं. पानावर त्यांच्याच अक्षरात "पूर्ण जमा" लिहिलेलं, खाली मार्चची तारीख, त्याखाली सही. मुलाने पाहिलेली वही कच्ची होती, ही पक्की. ते मुलाला म्हणाले, "पोरा, हे मिटलेलं आहे. हे आपलं नाही." चेकवर आडवी रेघ मारून त्यांनी तो शेतकऱ्याच्या हातात दिला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी खिडकी उघडायला उठले, कारण माझ्याही होतं.

मिटलेल्या हिशोबाचा जुना कागद पुन्हा बाहेर काढणाऱ्याचं काय करायचं? त्याला दंड करायचा की माफ करायचं? हा प्रश्न मला रोज पडतो. बिटकॉइनचे व्यवहार चालवणाऱ्या संगणकतज्ज्ञांनाही गेली दहा वर्षं नेमका हाच प्रश्न पडला आहे, हे मला माझ्या भाच्याकडून या दिवाळीत कळलं. त्यांनी त्याचं एक उत्तर यंत्रात बसवून टाकलं आहे, आणि ते मला पटलेलं नाही. म्हणून हा लेख.

आधी त्यांची पद्धत सांगते. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार जगभरच्या सामाईक खतावणीत नोंदवायला वेळ आणि पैसा लागतो. चहाचे पंधरा रुपये देण्यासाठी तो खर्च परवडत नाही. यावर जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा या दोघांनी २०१५-१६ मध्ये 'लाइटनिंग' नावाची योजना मांडली. भाचा म्हणाला, "मावशी, दोन कुलपांचा एक डबा समज. दोघांनी मिळून पैसे आत ठेवायचे. रोज देणंघेणं झालं की नवा कागद करायचा: आता डब्यातले तुझे इतके, माझे इतके. शेवटचा कागद खरा, मागचे सगळे रद्द. डबा उघडायचा दिवस येईल तेव्हा फक्त शेवटचा कागद मोठ्या खतावणीत न्यायचा."

मी विचारलं, मागचे कागद फाडतात का? फाडता येत नाहीत, कारण संगणकात कुणी नक्कल जपून ठेवली तर कोण अडवणार? म्हणून त्यांनी दहशत ठेवली आहे. नवा कागद करताना प्रत्येकजण समोरच्याच्या हातात आपल्या जुन्या कागदाची एक किल्ली देतो. उद्या मी लबाडीने जुना कागद पुढे केला, तर माझा हिस्सा लगेच माझ्या हाती येत नाही. ठरलेली मुदत थांबावं लागतं, साधारण एक दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत. त्या मुदतीत समोरच्याने पाहिलं, तर तो किल्ली लावून त्याचा हिस्सा तर घेतोच, माझाही सगळा घेतो. शेवटच्या रुपयापर्यंत. समोरचा झोपेत असेल तर त्याच्या वतीने लक्ष ठेवणारे पहारेकरी संगणकही असतात.

ऐकताना मला ही योजना आवडली, हे कबूल करते. आमच्या शेतकऱ्याच्या हातात जुन्या चेकची अशी एखादी किल्ली असती तर, असं मनात आलं. पण भाच्याने पुढची गोष्ट सांगितली. त्याच्या एका मित्राची हार्ड डिस्क बिघडली. त्याने आठवड्यापूर्वी जपून ठेवलेल्या प्रतीवरून सगळं पुन्हा सुरू केलं. संगणकाला वाटलं, हाच ताजा हिशोब. त्याने तोच कागद पुढे केला आणि पलीकडच्या पहारेकऱ्याने क्षणार्धात सगळे पैसे उचलले. त्या जुन्या कागदावर मित्राच्या वाट्याला त्या दिवशीच्या खऱ्या रकमेपेक्षा कमीच पैसे होते. म्हणजे त्याने पुढे केलेल्या कागदात त्याचाच तोटा होता. तरीही तो चोर ठरला. यंत्राने पाहिलं एवढंच: कागद जुना आहे.

माझ्या ऑफिसात आलेला दुकानदाराचा मुलगा या यंत्रापुढे उभा असता, तर त्याचं दुकान गेलं असतं.

या त्रासावर उपाय म्हणून २०१८ मध्ये ख्रिश्चन डेकर, रस्टी रसेल आणि ओलाओलुवा ओसुंटोकुन यांनी 'एल्टू' नावाची दुसरी योजना मांडली. तिच्यात दंड नाही. कुणी जुना कागद पुढे केला, तर दुसऱ्याने त्यावर नवा कागद ठेवायचा. नवा जुन्याला झाकतो, खरा हिशोब होतो, विषय संपतो. ही योजना चालवायला बिटकॉइनच्या मूळ नियमांत बदल करावा लागतो आणि तो अजून झालेला नाही. तोवर तज्ज्ञांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, दंड नसेल तर चोराला फुकटचा डाव मिळतो: साधलं तर साधलं, नाहीतर मुद्दलाला धक्का नाही. दुसरा म्हणतो, चुकीला फाशी देणारा नियम माणसांसाठी नव्हे.

पहिल्या तटाचं दुखणं मी माझ्या घरात पाहिलं आहे. आमची निफाड तालुक्यात बाग होती. द्राक्षाचा सौदा बहुतेकदा बाजार समितीच्या आवारात होत नाही. व्यापारी बागेत येतो, मणी तोडून चव घेतो, किलोचा भाव ठरवतो, थोडा इसार देतो, माल काढून नेतो. बाकीच्या पैशासाठी चेक किंवा शब्द. मी कॉलेजात होते त्या वर्षी एका व्यापाऱ्याने वडिलांना अर्धे पैसे दिले आणि उरलेल्या अर्ध्याचा चेक परत आला. वडील त्याच्या मागे दोन हंगाम फिरले. शेवटी तो रुपयाला साठ पैसे देऊन मोकळा झाला आणि गावातले लोक वडिलांना म्हणाले, मिळाले हेच नशीब. वडिलांनी त्याला माफ केलं असं सगळे म्हणत. मी त्यांचा चेहरा पाहत होते. ती माफी नव्हती. त्यांच्याकडे दुसरा रस्ता नव्हता. त्या व्यापाऱ्याने त्याच साली शेजारच्या गावात सौदे केले.

म्हणून निव्वळ माफीच्या बाजूने मला उभं राहता येत नाही. सापडल्यावर फक्त खरा हिशोब द्यायचा असेल, तर लबाडी करून पाहण्यात तोटा काय? आणि न सापडण्याची शक्यता तर नेहमी असतेच. माझ्याकडे असे किती शेतकरी येतात, ज्यांनी व्यापाऱ्याच्या "पुढच्या सोमवारी बघा दादा" या शब्दावर चार-चार महिने काढलेले असतात. चेकची मुदत तीन महिने. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस जायला हवी. दोन्ही मुदती गेल्यावर १३८ चं दार बंद होतं. उरतो तो दिवाणी दावा किंवा फसवणुकीची फिर्याद. पहारेकरी नसलेल्या माणसाला दंडाचा नियमही उपयोगी पडत नाही.

पहारा बसला की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याने २०२० मध्ये पाहिलं. विशेष पोलीस महानिरीक्षक म्हणून प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्रात आले आणि त्यांनी फसवलेल्या शेतकऱ्यांना तक्रारी घेऊन पुढे या, असं आवाहन केलं. वर्षानुवर्षं अडकलेले कोट्यवधी रुपये परत येऊ लागले. कित्येक व्यापाऱ्यांनी गुन्हा नोंदवण्याची वेळ येण्याआधीच पैसे दिले. म्हणजे पैसे होते. कुणीतरी पाहतं आहे, ही जाणीव तेवढी नव्हती.

मग दंड किती असावा? इथे मला आमचा कायदा त्या यंत्रापेक्षा शहाणा वाटतो. १९८९ च्या १ एप्रिलपासून चेक न वटणं हा गुन्हा झाला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा कडक आहे. पण तिच्या आधी कायद्याने पंधरा दिवस ठेवले आहेत. नोटीस हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले तर गुन्हाच घडत नाही. त्या पंधरा दिवसांत कोण काय करतं, यावरून माणूस कळतो. ज्याच्या हातून चूक झाली तो धावत येतो, वही काढतो, आजारी बापाला जिना चढवतो. ज्याच्या मनात लबाडी आहे तो फोन बंद करतो. कोर्टाला कुणाच्या मनात शिरता येत नाही, आणि यंत्रालाही नाही. पण मुदत देता येते, आणि मुदत मनातलं बाहेर काढते.

पंधरा दिवस गेल्यावरही कायदा एकदम कुऱ्हाड चालवत नाही. चेकचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये या तडजोडीला पायऱ्या लावून दिल्या. पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच मिटवलं तर वेगळा भुर्दंड नाही. त्यानंतर त्याच कोर्टात मिटवलं तर चेकच्या रकमेच्या दहा टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात गेल्यावर पंधरा, सर्वोच्च न्यायालयापर्यंत ओढलं तर वीस. २०२५ मध्ये न्यायालयाने हे टक्के खाली आणले, पण पायऱ्या ठेवल्या. जितका उशिरा खरं बोलाल तितकं महाग पडेल, हे सूत्र कायम आहे. माझ्या सव्वीस वर्षांच्या कामात मला याहून न्याय्य सूत्र दिसलेलं नाही.

लाइटनिंगमध्येही मुदत आहे, मी वर सांगितलीच. पण ती कुणासाठी आहे ते पाहा. ती फक्त फसवल्या गेलेल्याने जागं व्हावं म्हणून आहे. चुकलेल्याने "थांबा, हा कागद जुना आहे, माझी चूक झाली" असं म्हणण्यासाठी त्या मुदतीत जागा नाही. कागद एकदा पुढे केला की तो मागे घेता येत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. दंडाला माझा विरोध नाही. चुकलेल्याला दारच नाही, याला आहे.

एक छोटं दार मात्र त्या तज्ज्ञांनी ठेवलं आहे, आणि भाच्याने ते सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. कुणाचा संगणक बिघडला आणि जुनी प्रत हाती आली, तर तो कागद पुढे न करता आधी समोरच्याला कळवता येतं: माझी वही हरवली, तूच तुझ्याकडच्या शेवटच्या कागदाने डबा उघड. समोरचा प्रामाणिक असेल तर खरा हिशोब होतो, दंड होत नाही. आता यात धोका आहे. माझी वही हरवली असं सांगणारा उघडा पडतो. समोरचाच लबाड निघाला, तर त्याने कुठला कागद पुढे केला हे ओळखायला याच्याकडे काही उरलेलं नसतं. तरी मला वाटतं, सारा न्याय या छोट्या दारातच आहे. पकडलं जाण्याआधी जो स्वतःहून सांगतो, त्याला माफी. पकडल्यावर जो कबूल करतो, त्याला दंड. आणि स्वतःहून सांगणाऱ्याच्या उघडेपणाचा जो फायदा घेतो, त्याला सर्वांत मोठा दंड. शेवटच्या माणसाला आज कुठलीच शिक्षा नाही, हे त्या योजनेतलं मोठं भोक आहे.

दुसरा आक्षेप दंडाच्या मापाचा. जुना कागद पुढे करून कुणी शंभर रुपये जास्त लाटू पाहिले, आणि डब्यात त्याचे लाख रुपये असले, तर लाख जातात. उलट ज्याचा हिस्सा संपत आला आहे, त्याच्याकडे गमवायला काहीच नसतं. म्हणून तिथे दोघांनीही साधारण एक टक्का रक्कम डब्यात कायम ठेवावी, असा रिवाज आहे. दंड गुन्ह्यावरून ठरत नाही, खिशात काय आहे यावरून ठरतो. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा याच्या उलट सांगतो. करारात दंडाची रक्कम कितीही मोठी लिहा, कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या मर्यादेच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं.

आणि महाराष्ट्राला तर हे कायद्याच्या पुस्तकाआधीपासून ठाऊक आहे. दामदुपटीचा नियम आपल्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होता: व्याज कितीही वाढलं तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. तो मोडला गेला, सावकाराच्या वहीतला कागद हाच शेवटचा शब्द मानला गेला, तेव्हा काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले आणि ते लोण नगरकडे पसरलं. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन सुरुवातीपासूनचा सगळा हिशोब तपासायचा अधिकार मिळाला. कागद काय म्हणतो यापलीकडे जाऊन खरं काय घडलं ते पाहा, हे शिकायला इतकी आग लागली होती. दीडशे वर्षांनी आपण पुन्हा कागदालाच शेवटचा शब्द देणारी यंत्रं बांधत असू, तर ते शिक्षण वाया गेलं.

कुणी म्हणेल, बाई, बिटकॉइनशी आमचा काय संबंध? ते कुणी घ्यावं असं मी सुचवत नाही. त्याच्या नफ्यावर २०२२ पासून तीस टक्के कर आहे आणि बुडालं तर दाद मागायला बाजार समितीसारखं दारही नाही. पण आपोआप चालणारे दंड आता सगळीकडे येत आहेत. हप्ता चुकला की खात्यातून आपोआप दंड, शिल्लक कमी पडली की आपोआप दंड. उद्या शेतमालाचे सौदेही अशा करारांवर होतील. तेव्हा नियम कोण लिहितं आणि त्यात चुकलेल्यासाठी दार ठेवतं का, हे आज विचारायला हवं.

माझं मागणं सरळ आहे. असे नियम बांधणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. चुकलेल्याला स्वतःहून सांगायला मुदत द्यावी आणि त्या मुदतीत सांगितलं तर दंड घेऊ नये. मुदतीनंतर दंड जरूर घ्यावा, पण लाटू पाहिलेल्या रकमेच्या मापाने, फार तर दुपटीने. आणि ज्याला रोज जागता पहारा ठेवता येत नाही, त्याच्यासाठी पहारेकऱ्याची सोय नियमातच असावी, त्याच्या ऐपतीवर सोडू नये. हाच नियम द्राक्षाच्या व्यापाऱ्यालाही लावावा. बागेत सौदा करणाऱ्याने सौद्याच्या मानाने बँक हमी ठेवावी, म्हणजे दंड करायची वेळ आली तर दंड कशातून घ्यायचा हा प्रश्न उरणार नाही.

आणि बागायतदारांना एवढंच सांगते: उधारी फिटली त्याच दिवशी, दुकानातून उठायच्या आधी, चेक परत मागा. संकोच करू नका. दिंडोरीच्या त्या शेतकऱ्याला रेघ मारलेला चेक मिळाला, तेव्हा मी म्हटलं, आता फाडून टाका. त्याने मान हलवली. चेकची नीट घडी घालून तो पिशवीत सातबाऱ्याशेजारी ठेवला आणि म्हातारबुवांना म्हणाला, "चला काका, हळू उतरा, हात धरतो." दुकानदाराचा एक हात मुलाने धरला होता. दुसरा त्याने धरला.